परबांनी परत मिळवलेली खुर्ची

परब गेल्याची बातमी आमच्या जुन्या ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आली, तेव्हा मी दादरला मटार घेत होते. पिशवी भाजीवाल्याकडेच राहिली. महिना होत आला, पण मला अजून नीट रडूही आलेलं नाही. या माणसाने मला इतकी वर्षं बुचकळ्यात ठेवलं आणि जातानाही काही उलगडा केला नाही, याचा मला रागच येतो.

प्रभादेवीला औषधांच्या एका वितरकाकडे आम्ही कामाला होतो. परब डिस्पॅचचे प्रमुख, मी त्यांच्या हाताखाली. नोकरी सांभाळून ते टेरिटोरियल आर्मीत होते. दरवर्षी कॅम्पहून आले की आठवडाभर आमच्याकडून खोक्यांच्या सरळ रांगा लावून घ्यायचे, आणि आम्ही त्यांना 'कर्नलसाहेब' म्हणून चिडवायचो. मग एकदा त्यांच्या तुकडीला सीमेकडे बोलावणं आलं आणि मुक्काम लांबतच गेला. मालकांनी त्यांची जागा मला दिली. ते परतले तेव्हा त्यांना दारातूनच सांगितलं गेलं, आता तुमची गरज नाही. असं बोलावणं आलेल्या माणसाला जुन्या कामावर परत घ्यावं लागतं असा कायदा आहे, हे आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हतं. परब त्यासाठी चिकाटीने भांडले. त्यांची बाजू खरी होती, हे मला कळत होतं. पण ते जिंकले तर माझी नोकरी जाणार, हे मालकांनी स्वच्छ सांगितलं होतं, आणि घरात कमावणारी मी एकटी. सिद्धिविनायकावरून जाताना रोज हात जोडायचे, पण नेमकं काय मागायचं ते सुचायचं नाही...

परब जिंकले. आले, खुर्चीत बसले, दिवसभर चलनं तपासली, सगळ्यांना चहा पाजला. मी माझा ड्रॉवर रिकामा करून बसले होते. संध्याकाळी त्यांनी मालकांच्या टेबलावर राजीनामा ठेवला. मी त्यांना जिन्यात गाठलं आणि विचारलं, सोडायचीच होती तर एवढे भांडलात कशाला?

"त्यांनी काढलं होतं," परब म्हणाले. "आता मी सोडली."

हे काय उत्तर झालं? ऑफिसात सगळे म्हणाले, तुझ्यासाठीच सोडली. मीही तेच धरून चालले. दिवाळीला परबांना फोन करताना दरवेळी जीभ जड व्हायची. कधी उपकार वाटायचे, तर कधी वाटायचं, यांच्याकडे दया मागितली होती कोणी?

मागच्या रविवारी लालबागला त्यांच्या घरी गेले. परबवहिनी कॉटवरची चादर घालत होत्या. चारी कोपरे गादीखाली असे ताणून खोचलेले, की एक सुरकुती नाही. परब रोज सकाळी तशीच घालायचे म्हणे, आता त्या घालतात. त्या कॉटवर झोपत मात्र कोणी नाही. शेवटी मी धीर करून विचारलं, वहिनी, परबांनी नोकरी माझ्यासाठी सोडली का हो?

"माका वाटलेला, तुका म्हायत असतला," त्या म्हणाल्या. वहिनींनी भांडून पाहिलं होतं, अबोला धरून पाहिला होता. परबांनी त्यांनाही कधी काही सांगितलं नव्हतं.

"तुझ्यासाठीच सोडली असं समजून इतकी वर्षं मी तुझा राग केला गो," कोपरा पुन्हा ताणत वहिनी म्हणाल्या. "आता कोणाचा करू?"