बसवंतच्या सह्या

बसवंतला इंग्रजी येत नाही असं कुणी म्हटलं असतं, तर बंगळूरच्या व्हाइटफील्डमधल्या निम्म्या कंपन्यांनी विश्वास ठेवला नसता. ऑफिसची कॅब चालवून चालवून गडी "ओटीपी प्लीज, मॅडम" आणि "हेवी ट्रॅफिक, सर" असं झोकात बोलायचा. आता निपाणीकडचा हा मराठी माणूस शिकला कन्नड शाळेत, तेही सातवीपर्यंत. इंग्रजी त्याच्या तोंडात होतं, डोळ्यांत नव्हतं. हे त्याने बायकोलासुद्धा कधी सांगितलं नव्हतं.

त्याची लेक पवित्रा तिसरीत, इंग्रजी शाळेत. शाळेने एक शब्दांची वही दिली होती. टायटल, ऑथर, कॅरेक्टर, समरी, असले धडा वाचताना लागणारे शब्द रोज दहा. पोरीने अर्थ सांगायचा, आईबापाने वहीत बघून ऐकायचं आणि खाली सही करायची. आई पाळणाघरात कामाला, सहाशिवाय घरी येत नसे. मग वही यायची बसवंतकडे.

तो वही हातात धरून मान डोलवायचा. पवित्रा काहीही बोलली तरी "शाब्बास की ग" म्हणायचा आणि ऐटीत सही ठोकायचा. एके दिवशी पोरीने मुद्दाम पाच शब्दांना एकच अर्थ सांगितला. बापाने पाची वेळा मान डोलवली. ती बघत राहिली त्याच्याकडे. त्या दिवसापासून तिने अर्थ पाठ करणंच सोडलं, आणि ह्या बहाद्दराला पत्ता नाही.

पालकसभेत ते उघडं पडलं. दिल्लीकडच्या मिसनी पवित्राला समरी म्हणजे काय ते विचारलं. पोरगी गप्प. दुसरा शब्द विचारला, तरी गप्प. मिसनी वही बसवंतसमोर धरली. "रोज तर आपली सही आहे," त्या हिंदीत म्हणाल्या.

खरं काय ते आत्ता बोलायला हवं, हे बसवंतला कळत होतं, पण तो वहीची पानंच उलटत राहिला. तेवढ्यात पवित्रा म्हणाली, "त्या सह्या मी केल्यात."

मिसनी बसवंतकडे पाहिलं. आणि त्या माणसाने काय करावं? घरी करायचा तेच केलं. मान डोलवली.

मिसनी डायरीत शेरा लिहिला. वाटेत पुढच्या सीटवर बसून पवित्रानेच तो बापाला वाचून दाखवला. मुलीने वडिलांच्या खोट्या सह्या केल्या, म्हणून शनिवारच्या गोष्ट-वाचनात तिला घेणार नाही. खाली पालकांनी सही करावी. पंधरा दिवस तिथे वाचायची गोष्ट वाचून वाचून तिने घर डोक्यावर घेतलं होतं. आता तिने डायरी मिटली आणि बाहेर बघत बसली. मारतहळ्ळीचा पूल येईपर्यंत बसवंतला तिच्याकडे मान वळवायची लाज वाटत होती.

घरी येऊन तो डायरी घेऊन बसला. तोंडाने सांगण्यापेक्षा लिहिणं बरं, असं त्याला वाटलं. शाळेत कुणीतरी मिसना वाचून दाखवेल, अशा भरवशावर शेऱ्याखाली त्याने कन्नडमध्ये तीन ओळी लिहिल्या: मला इंग्रजी वाचता येत नाही. सगळ्या सह्या मीच केल्या. मुलगी माझ्यासाठी खोटं बोलली. अक्षर चांगलं होतं त्याचं. लिहून झाल्यावर त्याला जरा हलकं वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो शाळेच्या फाटकावर उभा होता. पवित्रा आली ती दप्तर सावरत.

"मिसनी वाचलं काय ग?"

"त्यांना कन्नड येत नाही, अप्पा. मलाच वाचून सांगायला लावलं."

"मग सांगितलीस?"

"सांगितलं. सह्या अप्पांनीच केल्यात, त्यांना कामामुळं ऐकायला वेळ मिळत नव्हता, म्हणून."

"आणि पहिली ओळ?"

पवित्राने खाली पाहिलं. "ती नाही सांगितली. सगळी पोरं बसली होती की."

"मग शनिवारचं?"

"मिस म्हणाल्या, एवढंच होतं तर तू खोटं का बोललीस. मला सांगता येईना. नाहीच घेणार म्हणाल्या."

बसवंतला वाटलं, जमिनीने आपल्याला पोटात घ्यावं. आठ वर्षांची पोर दोनदा त्याची अब्रू झाकून आली होती, आणि तो वहीमागे लपून बसला होता. खिशात फोन वाजत होता, ऑफिसची ट्रिप आली होती. त्याने फोन बंद केला, पवित्राचा हात धरला आणि पुन्हा फाटकातून आत गेला.

वर्गात मिस वह्या तपासत होत्या. चार-पाच मुलं बसची वाट बघत बाकांवर बसली होती. मिसनी बसा म्हटलं, तो उभाच राहिला. पवित्राच्या दप्तरातून शब्दांची वही काढून त्याने टेबलावर उघडून ठेवली आणि पहिल्या शब्दावर बोट ठेवलं.

"मिस," तो मोडक्या हिंदीत म्हणाला, "हे काय लिहिलंय, मला वाचता येत नाही."

मुलांनी माना वर केल्या. पवित्रा मागून त्याचा शर्ट ओढत होती, गप्प बसा म्हणून. त्याने बोट खालच्या शब्दावर नेलं. "हेही नाही येत," तो म्हणाला.