दारामागचा आकडा

पाथरीहून निरोप आला तेव्हा मी संगणकाच्या खोलीचं कुलूप काढत होतो. रविवार होता, महालिंग सरांची एस.टी. यायची वेळ झाली होती. सर आले नाहीत, त्यांच्या शाळेचा शिपाई आला. पहाटे छातीत कळ आली आणि संपलं... त्याला आता महिना होईल.

सर पाथरीला गणित शिकवायचे. आमच्या परभणीच्या कॉलेजात संगणक एकच, आणि त्या खोलीची किल्ली माझ्यासारख्या कारकुनाकडे. एवढ्यावरच आमची चार वर्षांची दोस्ती उभी होती. बुद्धिबळ खेळणारा प्रोग्राम सर आठवडाभर दोनशे पानी वहीत हातानं लिहायचे आणि रविवारी येऊन टाईप करायचे. खेळण्याआधी एक नेम असे. पहिल्याच मांडणीवर यंत्र सेकंदाला किती चाली तपासतं, ते घड्याळ लावून मोजायचं. घरी गेल्यावर दाराच्या मागचा जुना आकडा पुसून खडूनं नवा लिहायचा. मग यंत्राचा माझ्याशी डाव. यंत्रानं मला एकदा हरवावं, एवढीच त्यांची इच्छा होती, आणि दर वेळी मीच जिंकायचो.

आकडा वाढावा म्हणून सर वहीतला मजकूर तांबड्या शाईनं खोडत गेले. राजापुढची प्यादी शाबूत आहेत का, हे बघण्यात यंत्राचा वेळ जातो, म्हणून ते आधी गेलं. घोडा कोपऱ्यात अडकलाय का, तेही गेलं. आकडा दुप्पट झाला आणि खेळाची पार रया गेली. पेपर लवकर देणाऱ्याला जास्त मार्क पडत नाहीत, हे वर्गात बजावणारा माणूस, पण स्वतःच्या वहीत त्याला हे दिसेना. मला दिसत होतं. मी दर रविवारी त्याच उघड्या राजावर चालून जात होतो.

एकदा हरल्यावर सरांनी चष्मा काढला. "दत्ताराव, माझं कुठं चुकायलंय?"

"तुमचं न्हाई सर. मशीनच हळू हाय."

खोटं बोललो मी. यंत्र जिंकलं की सर कशाला येतील, ही भीती होती. आणि खरं सांगायचं तर मला जिंकायला आवडायचं; बाकी आठवडाभर मला कोण विचारत होतं? पुढच्या रविवारी वहीत आणखी तांबडं दिसलं.

विद्यापीठाच्या नामांतराच्या गडबडीत दोन रविवार गाड्या बंद होत्या. तेव्हा ठरवलं, आता भेटले की सांगायचं. सर आले ते हसतच. इतका मोठा आकडा कधीच आला नव्हता. "आज तुमी हरणार," म्हणाले. मी एकोणीस चालींत मात केली. स्टँडवर सोडायला गेलो, पण ठरवलेलं काही सांगितलं नाही. तीच शेवटची भेट.

परवा पाथरीला गेलो. त्याआधी सरांची फ्लॉपी लावून पाहिली होती, उघडलीच नाही. दर रविवारी वापरून झिजली असावी. वह्या आहेत, पण खोडलेलं आता मलाही वाचता येत नाही. म्हणजे सरांचं ते आधीचं, नीट खेळणारं यंत्र आता कुठेच नाही. वहिनींनी चहा दिला आणि दार लोटून मागचा आकडा दाखवला.

"हे म्हणायचे, एवढा झाला की दत्ताराव हरतेत. चांगला हाय का हो हा आकडा?"

"लय चांगला हाय, वहिनी," मी म्हणालो.

त्यांनी आकड्याला हात लागू न देता दार पुन्हा उघडून भिंतीला टेकवलं, खडू पुसला जाऊ नये म्हणून... अगदी हळूच.