कानडी वळणाचा सात

अक्षरावरून माणूस ओळखतो असं छातीठोक सांगणाऱ्या लोकांचा मला मनस्वी तिटकारा आहे. पत्रिका बघणारा निदान सगळं ग्रहांवर ढकलून मोकळा होतो. हे लोक दोष तुमच्याच बोटांवर ठेवतात, आणि पुराव्यासाठी वहीही तुमच्याकडूनच मागून घेतात.

असला एक गृहस्थ मी फार जवळून पाहिला आहे. दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीची गोष्ट. निपाणीला मुलींच्या शाळेत मी मास्तरीण होते. शाळेच्या दोन्ही अंगांना तंबाखूच्या वखारी, आणि शाळेच्या कमिटीचे चेअरमन स्वतः तंबाखूचे मोठे व्यापारी. हंगामात त्यांची वखार भरली की उरलेली पोती ते आमच्या सातवीच्या वर्गात मागच्या भिंतीला रचून ठेवायचे. मुली कविता म्हणायला उभ्या राहिल्या की दुसऱ्या ओळीपासूनच शिंकांना सुरुवात व्हायची. एका मुलीला तर धाप लागायला लागली आणि तिच्या आईनं तिला घरी बसवलं. तरी कुणी ब्र काढत नव्हतं. शाळेची जागाच चेअरमनसाहेबांची होती, बोलणार कोण?

बोलली एकटी आक्का. आक्का म्हणजे माझ्याबरोबरची मास्तरीण. माझ्याहून आठ-दहा वर्षांनी मोठी, संकेश्वरकडची. आम्हा दोघींना मिळून एकच टेबल होतं. एका बाजूला तिच्या वह्या, दुसऱ्या बाजूला माझ्या. तिचं लहानपणीचं शिक्षण कानडीतून झालेलं, मराठी लिहायला ती मागाहून शिकली. त्यामुळं तिची अक्षरं गोल गरगरीत, आणि सगळ्या शब्दावर एक रेघ ओढण्याऐवजी ती प्रत्येक अक्षराला त्याची वेगळी छोटी रेघ द्यायची. घरी वडील अंथरुणाला खिळलेले, धाकटी बहीण शिकणारी. मिळवती ती एकटीच.

"अण्णा, पोरी खोकत्यात. तेवढी पोती हलवा की," असं ती चेअरमनसाहेबांना भर कमिटीत म्हणाली. ते हसले आणि म्हणाले, "बाई, निपाणीत ऱ्हायचं आणि तंबाखूला नाक मुरडायचं, हे कसं चालंल?" सगळे हसले. मीही हसले असेन. त्या दिवसांत मी वरिष्ठांच्या हसण्यात हसत असे.

मग मी माझ्या परीनं शौर्य केलं. शाळा तपासणाऱ्या बेळगावच्या साहेबांना निनावी अर्ज लिहिला. इयत्ता ७ वीच्या वर्गात तंबाखूची पोती आहेत, मुलींचे हाल होतात, येऊन पाहावे, इतकंच. खाली सही नाही. माझं अक्षर गावात माहीत होतं. शाळेतले सगळे फलक मीच रंगवायची, मुलींचे कित्ते मीच घालून द्यायची. म्हणून जमेल तसं अक्षर बदललं आणि अर्ज पोस्टात टाकला. चार दिवस मी स्वतःवरच खूश होते.

साहेब अचानक आले. वर्गात पाऊल टाकताच त्यांनाच तीन शिंका आल्या. संध्याकाळपर्यंत पोती बाहेर गेली. पण चार माणसांत चेअरमनसाहेबांची नाचक्की झाली, ती त्यांना गिळवेना. बेळगावच्या कचेरीत त्यांची ऊठबस होती. तो अर्ज त्यांनी कुठूनतरी मिळवला आणि त्याच्यामागोमाग बेळगावहून हा अक्षरतज्ज्ञ आणवला.

गृहस्थ बेळगावाला लागूनच्या अनगोळचे. कुठल्याशा कचेरीतून निवृत्त झालेले, आणि विलायतेहून पोस्टानं आलेल्या एका पुस्तकावर ज्ञानी झालेले. काळा कोट, कपाळावर गंध, खिशात भिंग. घड्याळात वेळ बघायचा तरी ते आधी भिंग बाहेर काढत. उतरले चेअरमनसाहेबांच्या माडीवर. दोन्ही वेळा जेवले त्यांच्याच पंगतीला, तूप मागून मागून. आणि दुसऱ्या दिवशी शाळेच्या ऑफिसात बसून त्यांनी पहिला प्रश्न काय विचारावा? आम्ही मास्तरणी बाहेर पडवीतच होतो, दार सताड उघडं होतं.

"आपला संशय कुणावर आहे?"

चेअरमनसाहेबांनी आक्काचं नाव सांगितलं. "लई तोंडाळ बाई हाय," ते म्हणाले.

"मग त्यांचीच वही आणवा. बाकीच्यांची काय जरूर?"

आम्ही पाच जणी होतो. पाचांच्या वह्या नावं झाकून पुढ्यात ठेवाव्यात आणि मग भिंग लावावं, हे शेंबड्या पोरालाही सुचलं असतं. आमच्या शाळेत परीक्षेचे पेपर तपासतानासुद्धा आम्ही नावाचा कोपरा दुमडत होतो. या शहाण्यानं आधी नाव ऐकलं, मग अक्षर बघितलं. तूप ज्याचं, निकाल त्याचा.

निकाल कमिटीपुढं वाचला गेला तेव्हा आम्हाला सगळ्यांना बोलावलं होतं. गृहस्थ उभे राहिले, घसा साफ केला. "शिरोरेषा म्हणजे अक्षराच्या डोक्यावरचा पदर," ते म्हणाले. "या बाईंच्या अक्षराचा पदर ठिकठिकाणी तुटला आहे. अर्जातही तसाच तुटला आहे. अशा व्यक्तीला मर्यादा सहन होत नाही." मग सातावर आले. "वहीत मराठी मजकुरात कानडी सात, अर्जातही कानडी सात. दोन लिप्यांची सरमिसळ हे दुहेरी मनाचं लक्षण आहे."

निपाणीपासून बेळगावापर्यंत निम्मा मुलूख दोन्ही लिप्या हाताळतो. बाजारातला प्रत्येक वाणी, झाडून सगळे तलाठी, स्वतः चेअरमनसाहेबांचे दिवाणजी, सगळे या हिशेबानं दुहेरी मनाचे. पण कमिटी माना डोलावत बसली होती. आक्का एवढंच म्हणाली, "मी न्हाय लिहिला. लिहिला असता तर खाली सही केली असती."

तिला सोमवारपर्यंत मुदत मिळाली. तोवर राजीनामा द्यायचा, नाहीतर बडतर्फी. निनावी अर्जावरून बडतर्फ झालेल्या बाईला पुढं कुठली शाळा दारात उभी करणार? आक्का वह्या आवरत होती.

मी सरळ त्या गृहस्थांकडं गेले. माडीवर ते पान जुळवत बसले होते. मी सांगून टाकलं, की अर्ज मी लिहिला आहे.

त्यांनी माझी वही मागितली. भिंग लावलं. चेहऱ्यावर असं काही वात्सल्य आलं, की मला तिथंच त्यांच्या अंगावर दौत उपडी करावीशी वाटली.

"बाई, हे अक्षर सालस आहे," ते म्हणाले. "ओळी सरळ, पदर अखंड. असला अर्ज तुमच्या हातून होणे नाही. मैत्रिणीची दया आली म्हणून तुम्ही दोष अंगावर घेता आहात. ती करुणासुद्धा या वेलांट्यांत मला स्पष्ट दिसते."

"अहो, मी सांगतेय ना, मी लिहिलाय! अक्षर बदलून लिहिलाय!"

"माणूस खोटं बोलेल, अक्षर बोलत नाही."

"मग तुमचं चुकलं असं तरी लिहून द्या. निदान नक्की सांगता येत नाही, एवढं तरी."

गृहस्थ एकदम ताठ बसले. "एकदा सही केलेलं मत फिरवणं आमच्या व्यवसायाच्या नीतीत बसत नाही."

नीती! यजमानाच्या घरी जेवून यजमानाला हवा तो निकाल द्यायचा, ते नीतीत बसतं. एका बाईची भाकर काढून घ्यायची, तेही बसतं. 'मला ठाऊक नाही' हे तीन शब्द तेवढे बसत नाहीत. मी ताडकन उठले आणि म्हणाले, "सोमवारी कमिटीपुढं मी तोच अर्ज तसाच लिहून दाखवते. मग बघू तुमचं भिंग काय म्हणतंय." त्यांनी हसून मान हलवली. चेअरमनसाहेबही कबूल झाले. त्यांना फुकटचा तमाशाच हवा होता.

आक्काला हे कळलं तेव्हा तिनं माझा हात धरला. "तू लिहिलास व्हय? बरं केलंस गं. पोरींचं भलं झालं," ती म्हणाली. रागाचा एक शब्द नाही. "सोमवारी दाखव लिहून, मंजी झालं."

रविवारी दुपारी मी सरावाला बसले. अर्जाचा मजकूर आठवून, त्या वेळी बदललं होतं तसंच अक्षर काढत गेले. 'इयत्ता' लिहिलं, पुढं सात काढला आणि हात थांबला. तो कानडी सात होता. मला कानडी बोलता येतं, पण कानडी सात मी उभ्या जन्मात काढला नव्हता; अर्जात तो आहे असं तज्ज्ञ म्हणाले, तेव्हा ती मला त्यांची थापच वाटली होती. मग वरच्या ओळी पाहिल्या. गोल गरगरीत अक्षरं, प्रत्येकावर वेगळी छोटी रेघ. आपलं अक्षर लपवायचं तर दुसरं कुणाचं तरी काढावं लागतं. रोज टेबलाच्या पलीकडं जे बघत होते, तेच मी काढलं होतं. त्या गाढवाला माणसातलं काही कळत नव्हतं, पण कागदावर अक्षर आक्काचंच होतं, आणि ते तिथं मी ठेवलं होतं.

सोमवारी टेबलाभोवती कमिटी बसली. तज्ज्ञ भिंग पुसत होते. आक्का माझ्या अगदी समोर, खुर्चीच्या कडेवर, दोन्ही हात मांडीत घेऊन बसली होती. माझ्यापुढं कोरा कागद आणि टाक ठेवला. त्याच बदललेल्या अक्षरात चार ओळी लिहिल्या की तिची नोकरी वाचत होती. पण ती अक्षरं ती वाचणार होती. मी अर्ज लिहिला हे तिनं पोटात घातलं होतं. तिच्या अक्षराआड लपून लिहिला, हे तिच्या डोळ्यांदेखत लिहून दाखवायचं होतं.

मी टाक बुडवला आणि लिहिलं. ओळी सरळ, वर अखंड रेघ, सात मराठी. मुलींना कित्ता घालून देते तसं.

"पाहिलंत?" तज्ज्ञ म्हणाले. चेअरमनसाहेब मोठ्यानं हसले. हात थरथरला, घाबरल्यामुळं असं झालं, असं मी पुढं पुष्कळांना सांगितलं. हात मुळीच थरथरला नव्हता. मी जन्मभर त्या माणसाला शिव्या घालत आले, पण त्या दिवशी त्याच्या मूर्खपणाच्या सावलीत मी आरामात बसले होते.

आक्कानं कागद स्वतःकडं ओढून घेतला आणि सावकाश वाचला. मग माझ्याकडं बघून म्हणाली, "लई देखणं अक्षर हाय गं तुझं."

आणि तोच टाक घेऊन तिनं राजीनामा लिहिला.