खोतांची डोली

रोह्याच्या डोंगरातल्या आमच्या गावावर पूर्वी खोतांचा हुकूम चाले. खोत कुठेही निघाले की त्यांची डोली वाहायला महिपतीला जावंच लागे. त्याची पहिली बायको बाळंतपणात गेली, तेव्हाही तो डोली घेऊन पेणला गेलेला होता.

स्वातंत्र्यानंतर खोती गेली. यापुढे खोतांची वेठ कुणी करायची नाही, असं गावानं देवळात ठरवलं. त्याच आषाढात खोतांची सून अडली. म्हातारे खोत स्वतः महिपतीच्या अंगणात आले.

"हुकूम नाही, हात जोडतो," ते म्हणाले.

महिपतीनं धाकट्या भावाला, पोपटला, हाक मारली.

"दादा, वयनी कशी गेली, इसरलास?" पोपट संतापला.

"नाय इसरलो. म्हणून तर चल."

दोघांनी चिखलातून डोली रोह्याच्या दवाखान्यात पोचवली. सून वाचली, मूल गेलं.

महिपती पुन्हा खोतांचा गडी झाला, असं गाव म्हणू लागलं. त्याच्या लावणीला कुणी आलं नाही. पोपटनंही चूल वेगळी केली.

"बरोबर केलंत का वो?" दुसरी बायको शांती विचारी.

"मला नाय ठावं," एवढंच तो म्हणे, आणि वाकून रोपं लावत राही.