तांदूळ वाढलेत

उत्तम खरमाटे गरिबी मोजायचा. सरकारी नोकरी होती ती, पक्की, पेन्शनची. देशात गरीब किती, मागच्या मोजणीपेक्षा वाढले की घटले, हे दिल्लीत खुर्चीवर बसून कुणाला कळणार? त्यासाठी कुणाला तरी उन्हातान्हात दारोदार फिरून विचारावं लागतं, की बाई, गेल्या तीस दिवसांत तुमच्या घरी डाळ किती शिजली, तेल किती लागलं, लुगडं घेतलंत का. ते विचारणारा माणूस म्हणजे उत्तम. चौऱ्याऐंशी साली तो नोकरीला लागला तेव्हा तेवीस वर्षांचा होता. पुढची चौदा वर्षं त्याने ठाण्यापासून कल्याणच्या पलीकडपर्यंत चाळीमागून चाळी पालथ्या घातल्या.

लोक त्याची थट्टा करायचे. कोपरला तो ज्या खोलीत राहायचा तिथले शेजारी संध्याकाळी हटकायचे, "काय खरमाटे, आज किती गरीब घावले?" तो नुसता हसायचा. त्याला आपल्या कामाचा अभिमान होता, आणि तो एकाच गोष्टीसाठी: तक्त्यात तो पदरचं काही घालत नसे. त्याच्या खात्यातले काही महाभाग झाडाखाली बसून एका चहात दहा घरांची माहिती भरून टाकायचे. उत्तम मात्र प्रत्येक उंबऱ्यापाशी जायचा, बाई बोलेल ते ऐकायचा आणि अक्षर न बदलता उतरवायचा. असा माणूस सरकारला शोधून सापडायचा नाही. पण नुसतं प्रामाणिक असून भागत नाही. समोरचं माणूस काय बोलतंय ते कळावंही लागतं.

आणि तिथेच त्याचं घोडं पेंड खात होतं. तो दीड वर्षाचा असताना त्याची आई गेली. वडील रस्त्याच्या कामांवर गावोगाव फिरणारे. त्यांनी पोराला साताऱ्याकडच्या एका वसतिगृहात ठेवलं. आधी वर्षातून एकदा यायचे, पुढे तेही थांबलं. वसतिगृहात दीडशे पोरं, आचारी आणि वाढपी. बाई औषधालाही नव्हती. आमटी संपली की आचारी पातेल्यावर पळी आपटून ओरडायचा, "खल्लास!" घरातल्या बायका कसं बोलतात, कोणता शब्द टाळतात, कोणता शब्द उच्चारायला भितात, हे उत्तमला सांगणारं कुणी नव्हतं. मॅट्रिकला मराठीत त्याला शंभरात बहात्तर होते. मार्कांनी काय होतंय!

सत्त्याण्णव सालच्या हिवाळ्यात नवी पाहणी निघाली. प्रत्येक घराच्या तक्त्याच्या दोन प्रती करायच्या. एक वर जायची, देशाचा आकडा काढायला. दुसरी इथेच राहायची, कारण तिच्यावरून गरिबांची यादी होणार होती, आणि यादीत नाव आलं तर स्वस्त धान्याचं वेगळं कार्ड मिळणार होतं. तक्त्यात या खेपेला एक नवा रकाना होता: 'गेल्या वर्षाच्या तुलनेत'. त्यात तीन चौकोन होते, वाढ, तेवढेच आणि घट. एकावर बरोबरची खूण करायची, की झालं.

डिसेंबरात तो विठ्ठलवाडीच्या एका चाळीत रंगूबाईच्या दारात उभा राहिला. रंगूबाई साठीची, मूळची माणदेशातली. तिचा नवरा मारुती केमिकल कंपनीत होता. कंपनीला टाळं लागून तीन वर्षं झाली होती. आता तो खाटेवर गोधडी गुंडाळून पडलेला असायचा. त्याला टीबी झाला होता. गोळ्या दवाखान्यातून फुकट मिळत, पण डॉक्टरने बजावलं होतं की पोटात अन्न असल्याशिवाय गोळी घ्यायची नाही. रंगूबाई दोन घरची धुणीभांडी करायची. नवऱ्याचा आजार कळल्यावर दोन्ही घरांनी तिला 'उद्यापासून नको' म्हणून सांगितलं. नळावरही तिची कळशी शेवटी लागे. या गोष्टींसाठी तक्त्यात रकाना नव्हता.

खोली मात्र लख्ख होती. फळीवरची भांडी राखेने घासून ओळीने मांडलेली. रंगूबाईने सतरंजी अंथरली, साहेबाला बसवलं, आणि कोरा, बिनसाखरेचा चहा पुढे केला. डॉक्टरांनी घरात साखर बंद केली असेल, असं उत्तमला वाटलं.

"मावशी, गेल्या वर्षाच्या मानाने घरात काय वाढलं, काय घटलं, तेवढं सांगायचं. तांदूळ?"

रंगूबाईने खाटेकडे पाहिलं. मारुती जागा होता. ती हळूच म्हणाली, "तांदूळ वाढल्यात, सायेब."

"डाळ?"

"ती बी वाढली."

"तेल?"

"त्याल तर परवाच वाढलं."

उत्तमचं पेन क्षणभर थांबलं. परवाच? पण कधी वाढलं हे कुणी विचारलेलं नव्हतं. त्याने तिन्ही ठिकाणी 'वाढ'वर खूण केली. हे वाचणाऱ्या बायकांनी एव्हाना कपाळाला हात लावला असेल. पण त्या खोलीत तसं करणारी कुणी नव्हती.

"छान," तो मनापासून म्हणाला. "कंपनी बंद पडली तरी बरं चाललंय म्हणायचं."

रंगूबाई त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. मोठी माणसं असंच बोलत असतील, असं समजून म्हणाली, "देवाची किरपा." तो उठला तेव्हा दारापर्यंत आली. "सायेब, त्ये कार्ड मिळंल न्हवं? ह्यांच्या गोळ्या अन्नाबिगर चालत न्हाईत."

"नियमात बसलं तर नक्की मिळेल, मावशी," उत्तम म्हणाला. नियमात ते घर बसणार नाही हे त्याला दिसत होतंच, पण त्याला त्याचं वाईट वाटलं नाही, बरंच वाटलं. एक घर वर आलं होतं.

पुढच्या वैशाखात उत्तमचं लग्न झालं. सदतीस वर्षांचा घोडनवरा. बायको कलावती, कल्याणची, शिवणक्लास चालवणारी, बोलायला चटपटीत. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या खोलीत फोडणीचा वास आला. तीन महिने तो हवेत होता.

श्रावणातल्या एका सकाळी तो कामावर निघाला, तेव्हा कलावती आतून म्हणाली, "अहो, तांदूळ वाढलेत. येताना घेऊन या."

उत्तम हसला. "वाढलेत तर आणखी कशाला? आधीचे संपू देत की."

कलावती जीभ चावत बाहेर आली. "अहो, असं बोलू नये घरात! संपलं म्हणायचं नसतं. तांदूळ, तेल, मीठ, वाढलं म्हणायचं. बांगडी फुटली म्हणतो का आपण? वाढली म्हणतो. नारळसुद्धा वाढवतात."

नारळ वाढवतात हे त्याला माहीत होतं. तो भटजींचा शब्द असेल असं त्याने धरलं होतं. "मग खरंच जास्त झाले, तर काय म्हणतात?" त्याने विचारलं.

"जास्त झाले तर?" कलावतीला हसू आलं. "तेव्हा कोण बोलून दाखवतंय!"

ती हसत होती आणि उत्तम एक चप्पल पायात, एक हातात घेऊन उंबऱ्यातच बसला. तेल परवाच वाढलं. त्याला ती खोली आठवली, कोरा चहा आठवला, आणि आपण तोंड वर करून 'छान' म्हणालो ते आठवलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं त्याला. आणि ती काय एकटी होती? त्या हिवाळ्यात त्याने 'वाढ'वर किती खुणा केल्या होत्या! त्यातली कुठली खरी होती आणि कुठली रिकाम्या डब्याची, हे आता ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं.

तो तडक ऑफिसात गेला आणि साहेबांना सगळं सांगून मोकळा झाला. साहेब माणूस वाईट नव्हता. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "खरमाटे, आकडा दिल्लीला गेला. तुमच्या भागात गरिबी चांगली उतरलीय म्हणून वरून शाबासकी आलीय. आता एका शब्दासाठी मी काय पत्र लिहू?" मग म्हणाले, "यादीचं बघता येईल. त्या एका घराचा नवा तक्ता भरून आणा. मी सही करतो."

उत्तम धावतच विठ्ठलवाडीला गेला. एक घर तरी. एवढं एक घर यादीत घातलं, की आपण सुटलो, असं त्याला वाटत होतं.

रंगूबाई दारातच बसली होती. तिचं कपाळ मोकळं होतं आणि मनगटंही. आत खाट नव्हती. जिथे खाट होती तिथली फरशी तेवढी वेगळी दिसत होती.

"आषाढात गेले," ती म्हणाली. "अन्न नसंल त्या दिशी गोळी घेत न्हवते. निम्म्या गोळ्या तशाच ऱ्हायल्या. परत नेऊन दिल्या दवाखान्यात. कुना दुसऱ्याच्या तरी कामी येतील."

उत्तम उंबऱ्याबाहेर उकिडवा बसला. कशी चूक झाली, शब्द कसा कळला नाही, सगळं त्याने सांगितलं. सांगताना त्याला रडू आवरेना. रंगूबाई ऐकत राहिली. ती त्याच्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने एवढंच विचारलं, "तुमच्या आईनं कदी सांगितलं न्हाई?"

"आई नव्हती मला, मावशी."

"आसं व्हय," रंगूबाई म्हणाली, आणि आत जाऊन तिने त्याच्यासाठी सतरंजी आणली.

त्याने नवा तक्ता मांडीवर घेतला. तिला नको होता. 'एकल्या जिवाला काय लागतंय' म्हणत होती. पण त्याने हात जोडले तेव्हा ती समोर बसली.

"माणसं किती?"

"येक."

"तांदूळ?" त्याने विचारलं आणि घाईने म्हणाला, "तुम्ही बोलाल तसं बोला, मावशी. मला आता कळतं."

रंगूबाईने मान हलवली. "न्हाई. धनी खाटंवर हुता, त्याच्या कानावर वंगाळ शबूद पडू ने म्हनून म्या जपत हुते. चाळीस वर्सं जपला. आता कुनासाठी जपू?" तिने पदराने तोंड पुसलं. "लिवा, सायेब. तांदूळ संपले. डाळ संपली. त्याल संपलं."

जन्मात न उच्चारलेला शब्द तीनदा उच्चारला, आणि लगेच घाबरून तिने आत वळून पाहिलं, मारुतीने ऐकलं तर नाही ना म्हणून.