आठ खटक्यांचा ळ

तुमसरच्या बसस्टँडवर बपेऱ्याच्या गाडीच्या कंडक्टरनं मला हाक मारून सांगितलं, की हेमराज सर गेले; परवा सकाळी छातीत कळ आली आणि संपलं. मी ‘अरेरे’ म्हणालो आणि भाजीची पिशवी घेऊन घरी आलो. त्याला आता सहा आठवडे झाले. तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. हेही उठत-बसत लिहितो आहे, तेव्हा सुसूत्रपणाची अपेक्षा ठेवू नका.

हेमराज आमच्या शाळेत विज्ञान शिकवायचा, मी मराठी. तो एकोडीचा, धानाच्या शेतीतला. त्यांच्या बोलीत ळ नाही, त्याजागी र. डोळा म्हणजे डोरा, काळा म्हणजे कारा. मी सांगलीकडचा, जिभेला धार. शिक्षकांच्या खोलीत त्याला रोज टोकायचो आणि तो हसायचा. स्वस्थ बसणं त्याला माहीतच नव्हतं. रेडिओ, शाळेची घंटा, पंखा, हाती लागेल ते उघडायचा आणि झाकण परत लावायचा कंटाळा करायचा. तीन वर्षांपूर्वी जिल्ह्यातल्या मोजक्या शाळांना पहिल्यांदाच संगणक मिळाले, त्यात एक आमच्याकडे आला. आला तो कपाटात कुलूपबंद झाला. किल्ली माझ्याकडे, कारण माझ्या हातून काही उघडलं जाणार नाही याची हेडमास्तरांना खात्री होती.

पंधरा दिवसांत हेमराज किल्ली मागायला आला. “सर, या मशीनमंदी मराठी नाही. मले याच्यात ळ बसवाचा आहे.” मी म्हटलं, तुला बोलता येत नाही तो कशाला? तर म्हणाला, “म्हूनच तं.” मी किल्ली दिली. नुसती किल्ली नाही. चौकटीच्या कागदावर आठ बाय आठ घरांत ळ मीच काढून दिला, कुठलं घर भरायचं, कुठलं कोरं ठेवायचं ते सगळं. आठ घरांत ळ मावत नाही हो, दोन्ही पोटं एकमेकांना चिकटतात. चार दिवस मी त्यात घालवले, आणि खरं सांगायचं तर इतकी मजा मला कित्येक वर्षांत आली नव्हती.

पुढचं काम त्याचं. मशीनमधली अक्षरांची चिप काढून तिथं स्वतः भरलेली दुसरी बसवायची. ती भरायला त्यानं जेवणाच्या पाटावर दिव्यांचे आठ खटके ठोकले. एक खटका म्हणजे एक ठिपका. आठ खटके जुळवायचे, घंटीचं बटण दाबायचं, एक ओळ भरली. सगळी इंग्रजी अक्षरंही अशीच ओळीओळीनं भरायची, फक्त क्यूच्या जागी ळ, कारण क्यूचं कोणाला काय काम? एक खटका चुकला की सगळं पुसा. आणि ती चिप पुसायची उन्हानं! तिच्या पाठीवर काचेची इवलीशी खिडकी असते. एकोडीच्या खळ्यावर, धानाशेजारी, हेमराज ती आठवडाभर ठेवायचा. ‘वारू घातली’ म्हणायचा, मी म्हणायचो, वाळू. तीनदा वाळवली.

मग तपासणीला साहेब आले. संगणक लावला, तर प्रश्नमंजुषेतल्या ‘क्वेश्चन’च्या तोंडाशी आमचा ळ उभा. साहेबांनी मशीनच्या झाकणावरचं तुटलेलं सील पाहिलं. कोणी केलं हे? हेमराज पुढे होऊन म्हणाला, मी. साहेब माझ्याकडे वळले, किल्ली तुमच्याकडे ना? “त्यांनी साफसफाईला म्हणून नेली होती,” मी म्हणालो. “मला यातलं काही माहीत नाही.” हेमराजनं माझ्याकडे पाहिलं. महिन्याभरात त्याची बदली बपेऱ्याला, मध्य प्रदेशच्या हद्दीवर. तुमसरहून थेट बस आहे. दोन वर्षांत मी तिच्यात एकदाही चढलो नाही. भित्रा माणूस आहे मी, दुसरं काय.

गेल्या रविवारी चढलो. हेमराजच्या घरी वहिनींनी आतल्या खोलीत नेलं. झाकण नसलेला टीव्ही, शेजारी त्यानं सुट्या भागांतून जोडलेला संगणक, त्यालाही झाकण नाही, आणि तो खटक्यांचा पाट. वहिनींनी बटण दाबलं. पडदा उजळायला वेळ लागला... मग मधोमध ळ. डावं पोट चपटं, माझ्याच कागदावरचं. त्यानं ते सुधारलं नव्हतं.

“रोज लावून ठेवत,” वहिनी म्हणाल्या. “अक्षर सरांचं आहे म्हनत. थे येतीन तवा दाखवाचं आहे म्हनत. तुमचंच आहे ना जी?”

“हो वहिनी,” मी म्हणालो, “मीच काढलं होतं.”

ऐकायला साहेब नव्हते. हेमराजही नव्हता.