न उठणारे स्कॅनर

वर्ध्याच्या एका कॉलेजात मी संगणक सांभाळतो. ग्रंथालयात घेतलेल्या बारकोड स्कॅनरची शिफारस माझीच होती, कारण ते पुरवणारा माझा मित्र होता. तो नाचणगावचा, मी नालवाडीचा. शिकताना तीन वर्षं आम्ही एकाच बाकावर बसलो.

स्कॅनर काही मिनिटं रिकामा राहिला की झोपायचा आणि मग उठायचाच नाही. ग्रंथपाल ताई दर वेळी वायर काढून पुन्हा लावायच्या. रांग दारापर्यंत जायची. ताई वायर हातात धरून माझ्याकडे बघत. मित्राला फोन केला, तर म्हणाला, असं पहिल्यांदाच ऐकतोय, तुमच्याच सिस्टिममध्ये काहीतरी असेल.

मला ते पटलं. आमचंच चुकत असणार असं धरून मी तीन आठवडे आमच्या संगणकांवरच्या लिनक्स सिस्टिमच्या नोंदी वाचत बसलो. शेवटी सापडलं. यूएसबीला काही जोडलं की संगणक त्याची माहिती विचारून घेतो. हा स्कॅनर सांगायचा, मला झोपवा, मी उठेन; आणि उठत नसे. अशा खोटं सांगणाऱ्या उपकरणांची कर्नलमध्ये, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यात, चक्क यादीच असते. तिच्यासाठी मी एक ओळ लिहिली: याला झोपवू नका. कर्नल सांभाळणाऱ्यांनी दोनदा दुरुस्त्या करायला लावल्या आणि मग ती घेतली.

ही बातमी सांगायला मी गोरसपाक बिस्किटांचा पुडा घेऊन पुलगावला त्याच्या दुकानात गेलो. तो गिऱ्हाइकाशी बोलत होता. बसायला स्टूल ओढलं, तर मागच्या स्कॅनरच्या खोक्यावर त्याच्याच अक्षरातली चिठ्ठी: ‘झोपल्यावर उठत नाही. परत आलेला माल.’ तारीख आमच्या ऑर्डरच्या आधीची.

गिऱ्हाईक गेल्यावर मी त्याला ओळीचं सांगितलं आणि चिठ्ठी त्याच्यापुढे ठेवली.

“मले माहीत होतं,” तो म्हणाला. “पण तू हायेस म्हणून देले. दुसऱ्या कोणाले देले असते काय मी? तू करशीलच काहीतरी, हे बी माहीत होतं.”

“मग मले सांगतलं काऊन नाई?”

“सांगतलं असतं तर तू घेतले असते काय?”

वर त्यानं विचारलं, ती ओळ आता सगळ्यांच्याच लिनक्समध्ये येणार ना? मग उरलेलं खोकंही विकलं जाईल.

मी पुडा उचलला आणि बस धरली. ओळ काढून टाका असं कळवायचं वाटेत दोनदा मनात आलं. पण मग ताईंना पुन्हा वायर काढत बसावं लागलं असतं. ती ओळ अजून आहे, खाली माझं नाव आहे. त्याचा फोन मात्र मी उचलत नाही.